आमचे एक पत्र

युसूफ वडगावच्या घराची वाटणी झाली तेव्हा पत्र्याची एक जुनी पेटी आमच्यापुढे उघडली गेली. तीत सातबाऱ्याचे उतारे होते, लग्नपत्रिका होत्या आणि आमच्याच हस्ताक्षरातले एक आंतर्देशीय पत्रही होते. १९९८ साली ते आम्ही आमच्या थोरल्या चुलतभावास, दादांस, लिहिले होते. त्या वेळी आमची कॉलेजात नुकतीच नेमणूक झाली होती, आणि नव्या अध्यापकास उपदेशाची जी खोड असते ती आम्हांसही पुरेपूर होती.

दादा आणि गावातलाच त्यांचा एक जोडीदार एकाच ट्रकवर होते. दोघांच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू सापडले ते एकाच वर्षी. वर्षभरात दादा खंगले. जोडीदार मात्र ज्वारीला पाणी देत धडधाकट हिंडत होता. गाव म्हणे, ज्याची त्याची करणी! आम्ही पडलो इंग्रजी शिकलेले. 'करणी' हा शब्द आम्हांस ग्राम्य वाटला, म्हणून आम्ही पत्रात 'पथ्य' हा शब्द घातला. तो पाहा कसा नेमाने राहतो, तुम्हीही तसे राहिला असता तर ही वेळ न येती, असा एकंदर मजकूर. १९९९ च्या पावसाळ्यात दादा गेले. जोडीदारास औषधे घ्यावी लागली ती २०१० साली. तो अजून शेती करतो.

पुढे वाचनाच्या ओघात आम्हांस जे कळले ते असे. हा विषाणू पेशीत शिरतो तो बहुधा दोन कड्या धरून. त्यांपैकी एकीचे नाव सीसीआर-५. काही माणसांत या कडीच्या जनुकातली बत्तीस अक्षरे जन्मतःच गळलेली असतात. आई आणि बाप या दोघांकडूनही असे तुटके जनुक आले, तर नेहमीच्या विषाणूस दार उघडतच नाही. एकाकडूनच आले, तर रोगाची चाल मंदावते. हा शोध १९९६ चा, म्हणजे आमच्या पत्राच्या दोन वर्षे आधीचा! मात्र हे दान उत्तर युरोपच्या वाट्यास अधिक आले आहे. आपल्याकडे ते क्वचितच आढळते. तेव्हा वडगावच्या शेतकऱ्याचे रहस्य तेथे शोधण्यात फारसा अर्थ नाही.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट एचएलए या जनुकांची. पेशीत शिरलेल्या शत्रूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून शरीराच्या रक्षकांस दाखविणे, हे त्यांचे काम. त्यांतला बी ५७ हा प्रकार, जो भारतीयांतही आढळतो, विषाणूचे नेमके असे भाग दाखवितो की ते बदलू गेल्यास विषाणू स्वतःच लुळा पडतो. उलट बी ३५ च्या काही प्रकारांत रोग झपाट्याने वाढतो. अर्थात सारा हिशेब जनुकांचाच नव्हे. युरोपीय वंशाच्या रुग्णांत रक्तातील विषाणूंच्या प्रमाणात जो फरक दिसतो, त्याचा सुमारे चतुर्थांश वारशाने उलगडतो, असे २०१५ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. बाकीचे वय, क्षय, विषाणूची जात अशा नाना गोष्टींवर. जोडीदाराच्या रक्तात काय होते ते कोणी तपासले नाही, आणि दादांच्याही नाही. परंतु न तपासता निकाल देणारे आम्ही होतोच.

हे सारे आम्ही वहिनींस सांगू लागलो. त्यांच्या रक्तात दोष निघाला नव्हता. दोन मुले त्यांनी एकटीने वाढविली. त्या निवडणे बाजूस सारून ऐकत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी तंबाखूची पिशवी चुलीत टाकली. मरेपर्यंत पथ्य पाळलं. शेवटी म्हणत होते, आपलंच काही तरी चुकत असंल."

आम्हांस उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "आणि पोरांत त्यांचं किती आलं असंल?"

"निम्मे," आम्ही म्हणालो. "निम्मे तुमचे."

पत्र फाडून टाकावे म्हणून आम्ही ते घडी करून खिशात घातले होते. वहिनींनी हात पुढे केला. "ते द्या इकडं. त्यांनी जपून ठेवलेलं आहे," असे म्हणून त्यांनी ते पुन्हा पेटीत ठेविले.