रिपीटरच्या आधी मीटर



आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी हौशी रेडिओचे, म्हणजेच हॅम रेडिओचे परवानाधारक आहेत. शाळेला एक रिपीटर भेट द्यावा अशी इच्छा त्यांनी विश्वस्त मंडळाकडे व्यक्त केली आहे. तो गच्चीवर कोठे बसवावा इथपर्यंत बोलणे झाले असून मंडळाने आमचे मत मागविले आहे. बैठकीत दोन वाक्यांत ते सांगता आले असते. परंतु विषय मुलांच्या उपयोगाचा आहे आणि पुढे त्याचा खर्च शाळेलाच उचलावा लागणार आहे, म्हणून या अंकातून तो सर्वांपुढे ठेवीत आहोत.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे कशाला, असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि फोन बंद पडले. त्या रात्री मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावून लावून थकलेली घरे आपल्या समाजातही होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले. दोन्ही वेळी हॅम मंडळी आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन तेथे गेली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम एका रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातील माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले. मोबाइलचा मनोरा, वीज आणि केबल यांपैकी काहीच उरले नाही, तरी दोन संच आणि दोन माणसे यांच्या बळावर हे काम चालते. छंद म्हणून जपलेली ही विद्या अडचणीच्या वेळी अशी उपयोगी पडते.

आता रिपीटरकडे वळू. हातात धरायच्या लहान संचाच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर गेल्या. हॅमच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरींना ते जमत नाही. त्यांचा पल्ला काढण्याचे गणित आठवीच्या मुलांनाही येईल. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. हातातला संच दीड मीटरवर असतो, त्याचा पल्ला ५ किलोमीटर. असे दोन संच सपाट मैदानावर फार तर १० किलोमीटरवरून बोलतील. घरे आणि झाडे मध्ये आली की दोन-तीनवर येतील. म्हणून उंचावर एक यंत्र ठेवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताकदीने पुन्हा बोलते. हाच रिपीटर.

आपल्या गच्चीवरचा अँटेना १६ मीटरवर गेला तर त्याचा पल्ला सुमारे साडेसोळा किलोमीटर. हातातल्या संचाचे पाच मिळवले तर साडेएकवीस. हुबळी ते धारवाड अंतर वीसेक किलोमीटरचे. म्हणजे कागदावर जेमतेम जमते आणि प्रत्यक्षात मधल्या चढउतारांत अडते. तोच अँटेना जमिनीपासून १०० मीटर उंच अशा एखाद्या टेकडीवर असेल, तर हिशेब ४६ किलोमीटरवर जातो. उणकलजवळची नृपतुंग टेकडी मुलांनी सहलीत पाहिली आहे. तिथून शहर कसे पसरलेले दिसते हे आठवले तर गणित न करताही मुद्दा कळेल. रिपीटर निवडताना पहिली निवड जागेची असते, पेटीची नंतर.

पेटी निवडतानाही जाहिरातीतले वॅट पाहून भागत नाही. रिपीटरला ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी करावे लागते. त्याच्या दोन फ्रिक्वेन्सींमधले अंतर ०.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. माणूस मोठ्याने ओरडत असताना त्याला दुसऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसे या यंत्राचे होते. स्वतःच्या आवाजाने त्याचा कान बधिर होतो. त्यावर उपाय म्हणून मध्ये ड्युप्लेक्सर बसवतात. या धातूच्या उभ्या नळकांड्या असतात आणि प्रत्येकीचा सूर जुळवलेला असतो. बोलणाऱ्या भागातली शक्ती ऐकणाऱ्या भागात येता येता किमान ८० डेसिबेलने, म्हणजे दहा कोटीव्या हिश्शापर्यंत कमी व्हावी लागते. तेव्हा दाता ज्या यंत्राचा विचार करीत आहे त्यात ड्युप्लेक्सर आहे काय, तो आपल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला आहे काय, आणि यंत्र तासभर अखंड बोलले तरी तापून बंद पडणार नाही ना, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. हातातले दोन स्वस्त संच जोडून केलेला रिपीटर प्रात्यक्षिकाला छान. आपत्तीच्या रात्री मात्र तो पहिल्या तासातच तापतो.

केबलचेही तसेच. ३० मीटर लांबीची बारीक आरजी-५८ केबल घातली तर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ६ डेसिबेल वाटेतच जातात. यंत्रातून १० वॅट निघतात, अँटेनापर्यंत अडीच पोहोचतात. अर्ध्या इंचाची जाड केबल घातली तर आठाहून अधिक पोहोचतात. येणाऱ्या क्षीण आवाजाचीही वाटेत तीच गत होते. जाड केबलचे पैसे वाचवून मोठ्या ताकदीचे यंत्र घेणे म्हणजे फुटक्या घागरीसाठी मोठा पंप बसवणे होय.

इथपर्यंतचा खर्च एकदाच होतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेच्या इमारतीवर रिपीटरचे उद्घाटन पाहिले होते. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली, पेढे वाटले गेले. पुढे दोन पावसाळ्यांनी अँटेनाच्या जोडातून केबलमध्ये पाणी उतरले आणि आवाज खरखरू लागला. मग बॅटरी गेली. किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला सांगता येईना. यंत्र अजून तेथे आहे, फक्त ते बोलत नाही. आमच्या मते बंद पडलेला रिपीटर नसलेल्या रिपीटरपेक्षा वाईट. नसतो तेव्हा माणसे दुसरी सोय करतात. आहे असे समजून त्यावर विसंबलेला मनुष्य ऐन वेळी फसतो.

यंत्र बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण बॅटरी हे असते. आपल्या देशाचा एक रिपीटर आकाशातही फिरत होता. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ यानातून हॅमसॅट हा ४२.५ किलो वजनाचा उपग्रह सोडला. हॅम मंडळींचा आवाज ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकून तो १४५ च्या पट्ट्यात परत पाठवीत असे. त्यावरची दोनपैकी एक यंत्रणा भारतात तयार झाली होती आणि दुसरी नेदरलँडमधील एका तरुण हॅमने बनविली होती. नऊ वर्षांहून अधिक काळ त्याने जगभरच्या हौशी मंडळींची सेवा केली. जुलै २०१४ मध्ये त्याच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि तो थांबला. तेथे जाऊन बॅटरी बदलणे कोणाच्याच हाती नव्हते. आपल्या हाती तर शिडी आहे, मग हयगयीला जागा कोठे?

बॅटरीचा हिशेब मुलांनी करून पाहावा. समजा, यंत्र नुसते ऐकताना अर्धा अँपिअर आणि बोलताना तीन अँपिअर घेते, आणि एकूण वेळेच्या पाव भाग बोलते. सरासरी येते १.१ अँपिअरच्या आसपास. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मेच वापरायचे ठरवले तर ४५ तास, म्हणजे जवळजवळ दोन दिवस मिळतात. पण हे नव्या बॅटरीचे झाले. तीन वर्षांनी काय मिळते, हे वीज मुद्दाम बंद करून घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही.

यासाठीच मोजमापाची साधने लागतात, आणि त्यांना आमच्या मते रिपीटरच्या आधी स्थान हवे. यादी मोठी नाही. एक चांगला मल्टिमीटर. पुढे जाणारी आणि परत फिरणारी शक्ती दाखविणारा एसडब्ल्यूआर मीटर. डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा ५० ओहमचा रोध, ज्याच्यामुळे हवेवरच्या कोणालाही त्रास न देता यंत्र तपासता येते. आणि नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण. एका जपानी हॅमच्या रचनेवरून आलेले हे उपकरण २०१९ च्या सुमारास स्वस्तात सर्वत्र मिळू लागले. पूर्वी ज्या मापांसाठी मोठ्या प्रयोगशाळेत जावे लागे, त्यांतली बरीच ते शाळेच्या बाकावर दाखविते. त्याची मर्यादाही सांगतो. त्याची पकड ७० डेसिबेलच्या आसपास संपते, म्हणून ड्युप्लेक्सरची शेवटची जुळवणी त्याच्यावर विसंबून करता येत नाही. त्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दार ठोठवावे लागेल.

मात्र मीटर घेतला म्हणजे ज्ञान आले असे नाही. याचे एक उदाहरण आम्हाला फार बोधप्रद वाटते. एसडब्ल्यूआर १ आला तर उत्तम, २ आला तर नवव्या हिश्शाएवढी शक्ती परत फिरते, ३ आला तर पाव हिस्सा. आता ३० मीटर बारीक केबलच्या टोकाचा अँटेना वादळात तुटून पडला असे समजा. सगळी शक्ती टोकावरून परत फिरायला हवी. पण जाताना ६ डेसिबेल आणि येताना ६ डेसिबेल केबलच खाऊन टाकते. खाली मीटर सुमारे १.७ दाखवितो आणि पाहणारा म्हणतो, ठीक आहे! केबलमध्ये पाणी शिरले तर हाच आकडा आणखी सुधारतो. एकटा आकडा खोटे बोलू शकतो. गेल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहिलेला असला की त्याचे खोटे पकडले जाते. म्हणून सर्वांत मोलाचे उपकरण कोणते असे कोणी विचारले, तर आम्ही नोंदवहीकडे बोट दाखवू.

नोंदवहीत दिनांक, हवामान, वापरलेला मीटर, माप आणि मोजणाऱ्याची सही असावी. भाषेचाही एक नियम हवा. आमचे पदवीपर्यंतचे विज्ञान हिंदी माध्यमातून झाले. तेथे फ्रिक्वेन्सीला ‘आवृत्ति’ म्हणत. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते आणि फ्रिक्वेन्सीला वारंवारता म्हणतात. आपल्या मुलांपैकी कोणी घरी मराठी बोलतो, कोणी कानडी, कोणी हिंदी. तेव्हा वहीत एका गोष्टीला एकच शब्द आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक, एवढे पाळले तर दहा वर्षांनीही ती वाचता येईल.

देखभालीचे वेळापत्रक आपल्या पंचांगात बसते. वळवाच्या सरी आणि विजा सुरू होण्याआधी, चैत्रात, अर्थिंग आणि वीजरोधक तपासावा. मृगाच्या आधी केबलचे जोड उघडून, पुसून, नव्या पट्टीने बंद करावेत. दर तीन महिन्यांनी वीज बंद करून बॅटरीची परीक्षा घ्यावी. आणि खंडेनवमीला आयुधपूजेच्या दिवशी आपण प्रयोगशाळेतील उपकरणांना हळदकुंकू वाहतोच, त्या दिवशी वर्षभराची मापे सर्वांसमोर वाचावीत. पूजा झालेल्या मीटरची बॅटरी संपलेली नसावी, एवढी श्रद्धा तरी आपण ठेवू या.

तेव्हा विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना अशी. देणगी कृतज्ञतेने स्वीकारावी आणि दात्याच्या संमतीने तिचा पहिला हिस्सा वरील साधनांवर व मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला हॅम परवान्याच्या परीक्षेस बसता येते. दोन शिक्षक आणि काही विद्यार्थी ती परीक्षा उत्तीर्ण होऊन एक वर्षाची नोंदवही नीट भरली गेली, की रिपीटरचा विचार करावा. तोही तीन अटींवर. रात्री-अपरात्री जाता येईल अशी उंच जागा मिळावी, दूरसंचार विभागाची रीतसर परवानगी हाती यावी, आणि दरवर्षीच्या देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. तोपर्यंत उरलेली रक्कम मुदत ठेवीत राहू द्यावी. दात्याशी आमचे बोलणे झाले आहे. त्यांना उशिराचे वाईट वाटले, पण नोंदवहीची कल्पना पटली आणि पहिली वही मीच आणून देईन असे ते म्हणाले.

पालकांपैकी ज्यांनी रेल्वेत, दूरध्वनी खात्यात किंवा कोप्पीकर रोडवरच्या दुकानांत अशा उपकरणांवर हात चालविला आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास प्रयोगशाळेत यावे. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पहिले काम ठरलेले आहे: ३० मीटर बारीक केबल घ्यायची, दुसरे टोक मोकळे सोडायचे आणि मीटर काय दाखवितो ते लिहून ठेवायचे.

आपले,
मुख्याध्यापक