कोळंबीसाठी स्थळ पाहिजे

‘एकच कोळंबी? आणि ती पण खायची नाही?’ आमच्या घरी आईचा हा प्रश्न दोन वर्षं चालू आहे. ठाण्याच्या वन बीएचकेत टीव्हीशेजारी माझी खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात राहते डॉली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, सहा लांब पांढऱ्या मिशांची कोरल बँडेड श्रिम्प. नांग्या उचलून उभी राहते, म्हणून तिला बॉक्सिंग श्रिम्पही म्हणतात. दिवसभर दगडाखाली, रात्री फेरफटका. माझ्या शिफ्टला एकदम सूट होणारी!

तर, डॉलीचं लग्न. ही जात जोडीनं राहते, नर-मादी एकाच कपारीत. पण छोट्या टाकीत दोन नर किंवा दोन माद्या ठेवल्या, की एकच उरते. हे वाचलेलं असूनही पहिल्या वेळी मी घाई केली. दुकानदार ‘नर आहे’ म्हणाला, मी थेट टाकीत सोडला. सकाळी वाळूत एक नांगी आणि चार पाय. ऑफिसला गेले, पण मीटिंगमध्ये डोळ्यांसमोर तीच नांगी. चूक डॉलीची नव्हती ना.

म्हणून या वेळी रीतसर. रविवारची सकाळ, फास्ट लोकलनं सीएसएमटी, तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ ची. इथं आपण सगळे मान खाली घालून पिशव्या सांभाळत घुसतो, पण एकदा वर बघाच. दारावरची दगडातली शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुड्यार्डच्या वडिलांची. मग फळांचा वास, सुक्या मेव्याचे ढीग, पक्ष्यांचा कलकलाट आणि शेवटी निळ्या उजेडातल्या टाक्या.

‘जोडी की सिंगल?’ चाचांनी विचारलं.

‘नर पाहिजे.’

चाचा हसले. खरी गोची इथंच आहे. मादी ओळखता येते. अंगानं भरलेली, आणि पाठीतून निळसर-हिरवी अंडाशयाची छटा दिसते. नराची अशी खूण नाही. हिरवं दिसलं नाही, तर तो नर असेल किंवा अजून वयात न आलेली मादी. मोबाइलचा टॉर्च लावून मी वीस मिनिटं काचेला नाक चिकटवून उभी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाकडची मंडळीही इतकं निरखत नसतील.

कोपऱ्यातल्या टाकीत मात्र एक जोडी होती. ती मोठी, हिरवट. तो सडपातळ, तिला खेटून. शंभर टक्के नर! ‘घ्या ना ताई, तोडून देतो,’ चाचा म्हणाले. मी जाळी हातात घेतली, आणि परत ठेवली. हे प्राणी आपला जोडीदार ओळखतात. मिशा लागल्या की वासावरून कळतं, हा आपला की परका. दुसऱ्याचा संसार मोडून आमच्या डॉलीचा मांडायचा? आईला सांगितलं असतं, तर तिनंसुद्धा कपाळाला हात लावला असता.

शेवटी एकटाच बसलेला, बारीक अंगाचा एक उचलला. टाकीत तांब्याचं औषध टाकलेलं नाही ना, हे दोनदा विचारलं. माशांना ते चालतं, कोळंबी मरते. लेडीज डब्यात मांडीवर थर्माकोलचा खोका. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय आहे?’ म्हटलं, ‘कोळंबी.’ ‘एवढीशीच?’

घरी दोन तास नळीनं थेंब-थेंब पाणी देऊन त्याला आमच्या खारटपणाची सवय केली. मग मध्ये भोकांची प्लास्टिकची जाळी. डॉली इकडे, तो तिकडे. आठ दिवस. पहिल्या रात्री तिनं नांग्या उगारल्या, त्यानंही. पाचव्या रात्री दोघं जाळीला टेकून बसलेली. नवव्या रात्री जाळी काढली आणि हातात डाव धरून दीड वाजेपर्यंत टाकीसमोर बसले. मिशा लागल्या. डॉलीनं नांग्या उचलल्या, मी डाव उचलला. तो हलला नाही. तिनं नांग्या खाली घेतल्या.

कधी डोळा लागला, कळलं नाही. सकाळी आईनंच हलवलं, ‘अगं, बघ तरी.’ वाळू स्वच्छ होती. दगडाखालून बारा पांढऱ्या मिशा बाहेर आलेल्या.