मीनंबाक्कमची भोगी

बदलीच्या नोकरीत ज्या गावी जावे तेथील सणवार आपलेसे करावेत, असा आमचा जुना परिपाठ. मद्रासच्या (१९९६ पासून चेन्नई म्हणतात, पण आमची जीभ अजून वळत नाही) भोगीने मात्र आम्हांस प्रथम बुचकळ्यात टाकले. आपली भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. येथे त्या पहाटे घरातील जुनेपाने दारात जाळतात.

१२ जानेवारी २०१८ च्या रात्री पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आप्पांना दवाखान्यात हलवलंय. सारखी तुझी चौकशी करताहेत." सहाच्या विमानाचे तिकीट मिळाले. चार वाजता बाहेर पडतो तो वसाहतीच्या फाटकाशी जाळ पेटलेला. शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "सार, काही जुने टाकल्यावाचून जाऊ नका." एरवी आम्ही हसून पुढे गेलो असतो. त्या दिवशी, न जाणो, अपशकुन नको म्हणून पुन्हा जिना चढून एक फाटकी चटई आणली आणि आगीत टाकली.

मीनंबाक्कमला पोहोचलो तेव्हा काचेपलीकडे काहीच नव्हते. समोरचा त्रिशूलमचा डोंगर नाही, धावपट्टीचे दिवे नाहीत. जानेवारीत पहाटे वारा पडलेला असतो, जमीन गार झालेली असते. धूर वर न जाता दहिवरात मिसळून जमिनीलगत साचून राहतो. धावपट्टीवरील दृश्यता ५५० मीटरांखाली गेली, की साध्या दर्जाच्या दिशादर्शक यंत्रणेवर विमान उतरविता येत नाही. साडेतीन किलोमीटरांहून लांब धावपट्टी जागच्या जागी आहे, मनोऱ्यात माणसे जागी आहेत, आणि सारे सूर्याची वाट पाहत आहेत! आम्हांस नेणारे विमान येता येताच बंगळूरकडे वळविले होते.

या विमानतळाला अशा अडवणुकीची सवय आहे. दुसरी धावपट्टी पूल बांधून अड्यार नदीवरून नेलेली. डिसेंबर २०१५ च्या महापुरात त्याच नदीचे पाणी आत शिरले, आणि कित्येक दिवस विमाने अरक्कोणमच्या नौदल तळावरून सोडावी लागली. १९३२ च्या ऑक्टोबरात टाटांची पहिली टपाल मुंबईहून बेळ्ळारीमार्गे मद्रासला आली, तेव्हा वैमानिकाजवळ वाट दाखविणारा रेडिओही नव्हता. हे सारे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक असल्याने घड्याळ काही थांबत नव्हते. खिडकीवरच्या मुलीला तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सार, आज भोगी आहे ना." जणू तेवढ्याने सर्व काही समजावे. आम्हांस समजलेही. कोणावर चिडावे? आमचीच चटई त्या धुरात होती.

साडेदहा वाजून गेल्यावर विमान सुटले. वेळेवर सुटते तर आठच्या आत पुण्यास उतरलो असतो. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. नवाच्या सुमारास आप्पांची शुद्ध हरपली होती. पुढले तीन दिवस ते होते, पण बोलले नाहीत. "दादाचं विमान आलं का, एवढंच शेवटी विचारलं," भाऊ म्हणाला.

आईने आमच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग सदऱ्याचा वास घेतला. "हा कसला रे धुराचा वास?"

"विमानतळावर धुकं होतं," आम्ही म्हणालो.