गंडीपेटचं पाणी

२०२५च्या नोव्हेंबरात आत्याच्या नातीचं लग्न होतं, म्हणून आठ दिवसांची रजा टाकून हैदराबादेला जाऊन आले. चारमिनार, गोवळकोंडा आणि बिर्याणी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ती एका सरकारी आदेशाबद्दल. वाचकांनी इथंच वाचणं थांबवलं तरी मी समजू शकते! पण काय करणार, मी पडले कारकून. मराठी घेऊन बी.ए. केलं, कविता वाचल्या, आणि पुढची चोवीस वर्षं परिपत्रकं नि शुद्धिपत्रकं टंकण्यात गेली. आता कुठल्याही गावी गेले की तिथल्या नदीबरोबर तिथली फाईलही दिसायला लागते.

आत्या काचीगुड्यात राहते. लग्न होऊन गेली तेव्हापासून तिथंच. तिच्या बोलण्यात अजून आमच्या चोडणचा हेल आहे. काकांचं मराठी मात्र अस्सल हैदराबादी, अधूनमधून ‘हौ’ आणि ‘नक्को’ पेरलेलं. काका ऐंशीच्या पुढचे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन कारकुनी पेशाची माणसं एकत्र आली की गप्पा कुठं जाणार? लग्नाची गडबड ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “चल बेटा, तुला मुसी दाखवतो. आधी झाड, मग तलाव.”

झाड म्हणजे उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातली चिंच. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो पूर आला, त्यात माणसं या चिंचेवर चढून बसली आणि वाचली. दीडशेच्या आसपास माणसं, असं सांगतात. खाली शहर वाहून जात होतं. मेलेल्यांचा आकडा सहसा पंधरा हजार दिला जातो, काही जण त्याहून कितीतरी जास्त सांगतात. अमजद हैदराबादी हे उर्दूतले रुबाईचे मोठे कवी. त्यांची आई, बायको आणि मुलगी त्या पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अफझलगंजचा पूल गेला, चादरघाटचा गेला. कुतुबशाहीतला १५७८चा पुराना पूल तेवढा उभा राहिला.

काकांचे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते याच झाडावर होते की दुसऱ्या कुठल्या, हे काका ठामपणे सांगत नाहीत. “घरात सगळे हेच झाड म्हणायचे. सगळ्या हैदराबादचे आजोबा याच झाडावर होते,” असं म्हणून हसले. पण बुंध्याला हात लावताना त्यांनी चप्पल काढली होती, ते मी पाहिलं.

सहावे निजाम महबूब अली खान यांनी पुरोहितांच्या सांगण्यावरून नदीला साडी-चोळी, बांगड्या वाहिल्या, अशी एक कथा तिथं अजून सांगतात. खरी असो नसो, मला ती फार आवडली. आम्ही नारळी पौर्णिमेला मांडवीला नारळ वाहतो तो का वेगळा? ओटी भरून झाल्यावर मात्र निजामांनी आणखी एक शहाणपण केलं. १९०९मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मुंबई सरकारच्या नोकरीतून ते नुकतेच मोकळे झाले होते. पुण्याजवळच्या खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडझाप होणारे दरवाजे बसवले होते. (आमच्या खाजन शेतांच्या बांधांवर मानस असते ना? भरतीला तिची दारं पाण्याच्या रेट्याने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. चोडणच्या लोकांना ही अक्कल कोणी इंजिनिअराने शिकवलेली नाही. असो, गावचा अभिमान!)

विश्वेश्वरय्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं की, पूर शहरात अडवता येणार नाही, तो शहराच्या वर अडवा. मुसीवर एक धरण, तिला मिळणाऱ्या इसीवर दुसरं. शहरात नदीला उंच काठ बांधा आणि त्या काठांवर लोकांना फिरायला रस्ते, बागा करा. आज ‘रिव्हरफ्रंट’ म्हणून जे मोठ्या फलकांवर रंगवतात, त्याचं मूळ त्या अहवालात आहे. फक्त तिथं क्रम उलटा होता. आधी पाण्याला जागा, मग माणसाच्या फिरण्याला. १९२०मध्ये उस्मानसागर पुरा झाला, १९२७मध्ये हिमायतसागर. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट. गंडीपेटचं पाणी जो प्याला तो हैदराबाद सोडून जात नाही, असं तिथले लोक म्हणतात. आत्याच्या बाबतीत ते खरं झालं.

आता आदेशाकडे येते. ८ मार्च १९९६ रोजी तेव्हाच्या आंध्र सरकारने शासन आदेश क्रमांक १११ काढला. तिथं सगळे ‘जी.ओ. एकशेअकरा’ म्हणतात, रिक्षावालेसुद्धा! दोन्ही तलावांच्या पूर्ण पाणीपातळीपासून दहा किलोमीटरच्या टापूत, चौऱ्याऐंशी गावांत, प्रदूषण करणारे कारखाने नकोत, मोठी हॉटेलं नकोत, वसाहती नकोत. नव्वद टक्के जमीन मनोरंजन आणि संरक्षण यांसाठी राखायची. बांधायचंच तर प्लॉटच्या निम्म्याइतकंच चटईक्षेत्र. दहा किलोमीटरच्या आत एक तेलाचा कारखाना उभा राहू पाहत होता, त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०००मध्ये न्यायालयाने कारखान्याच्या विरुद्ध निकाल दिला. पुढं इतर राज्यांतल्या खटल्यांतही त्या निकालाचा दाखला दिला जाऊ लागला.

आणि १९९२ साली, म्हणजे आदेशाच्या चार वर्षं आधी, आमच्या काकांनी त्या चौऱ्याऐंशीपैकी एका गावात तीनशे गज जागा घेतली होती! भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून. निवृत्तीनंतर घर बांधायचं, दारात चिंच लावायची. आदेश निघाला आणि जागा तशीच पडून राहिली. तीस वर्षं.

गंडीपेटच्या बांधावर उभं राहून काका हे सांगत होते. शनिवार होता. बांधाखालच्या बागेत पोरंटोरं, मिरची-भजीच्या गाड्या, फोटो काढणारी जोडपी. पाणी काठोकाठ. पलीकडे, अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत, नव्या इमारतींचे सांगाडे.

१२ एप्रिल २०२२ रोजी जी.ओ. ६९ आला आणि १११ मधले निर्बंध उठवले. पाणी स्वच्छ राहील, सांडपाण्यावर प्रक्रिया होईल, हिरवे पट्टे राहतील अशा अटी घातल्या आणि सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं ठरवायला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२३च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने १११ पुरता रद्द करायचं ठरवलं. कारण काय दिलं? १९९६मध्ये शहराच्या पाण्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा या तलावांतून यायचा, आता सव्वा टक्कासुद्धा येत नाही. कृष्णेचं येतं, गोदावरीचं येतं. मग ही बंधनं कशाला?

वाचायला हे किती तर्कशुद्ध वाटतं! मलाही वाटलं. माझ्या टेबलावर हा मसुदा आला असता तर मी एक अक्षर न बदलता टंकून दिला असता.

काका म्हणाले, “बेटा, तलाव प्यायला कुठं बांधले होते? पूर अडवायला बांधले. पिणं नंतरचं. उस्मानसागर तीन पूर्णांक नऊ टीएमसी, हिमायत जवळजवळ तीन. त्याच्या वर पाणी आलं की दारं उघडावीच लागतात. वरच्या शेतात पडलेला पाऊस मुरत मुरत दोन दिवसांनी येतो. तिथं काँक्रीट केलं की दोन तासांत येईल. ते या कागदात कुठं आहे?”

२६ सप्टेंबर २०२५च्या रात्री काय झालं हे अनेकांनी दूरदर्शनवर पाहिलं असेल. वर जोराचा पाऊस झाला, दोन्ही तलावांची दारं उघडली आणि मुसी महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. प्रवाशांना दोर धरून बाहेर काढावं लागलं. हे बसस्थानक नदीच्या पात्रातल्या बेटावर आहे, आणि त्या जागेचं नाव इमलीबन, म्हणजे चिंचांचं बन. त्याच महिन्यात गोदावरीचं पाणी आणून मुसी वाहती करायच्या योजनेची पायाभरणी झाली होती. नदी न बोलावताच आली!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आत्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचं घर चादरघाटकडे नदीकाठी होतं. २०२४मध्ये मुसी रिव्हरफ्रंटसाठी पाहणी झाली आणि तिच्या भिंतीवर लाल रंगात इंग्रजी अक्षरं उमटली. नदीपात्रातलं घर, असा त्याचा अर्थ. तिला सरकारी सदनिका मिळाली, पण रोजची चार घरांची कामं आता लांब पडतात. ती म्हणाली, “अम्मा, खाली आमचं घर नदीत येतं, वर साहेबांचा बंगला येत नाही.” काकांना यावर उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

संध्याकाळी घरात ज्याची भीती होती ते झालंच. आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, जेवताना म्हणाला, “बाबा, त्या तीनशे गजांसाठी गिऱ्हाईक आलंय. लग्नाचं कर्ज फिटेल, वर उरेल.” चुकीचं काय बोलला तो? कर्ज खरंच आहे. काका मुकाट्याने वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, “माझ्या मागं विक. माझ्या सहीनं तिथं मजले चढायचे नक्को.” दादा ताटावरून उठला. आत्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “मला विचारशील तर विकावं गो. गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय माझं.” नदीचं धोरण बदलतं तेव्हा ते कुणाच्या गुडघ्यापर्यंत येऊन पोचेल सांगता येत नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? रायबंदर-चोडण फेरीतून मी रोज मांडवी ओलांडते. एका अंगाला सलीम अली अभयारण्याची खारफुटी. पणजीकडे दिवे लागलेले तरंगते कॅसिनो, नाचगाण्याच्या बोटी. कॅसिनो हलवणार हलवणार, हे ऐकत कित्येक वर्षं गेली आणि मुदतवाढी चालूच राहिल्या. १११ मध्येही ‘मनोरंजन’ हाच शब्द होता, आणि त्याचा अर्थ झाडाखाली डबा खाणं असा होता. शब्द तोच राहतो, माणसं बदलली की अर्थ बदलतो. २०२३मध्ये आपल्या नगरनियोजन कायद्यात १७(२) आलं, प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्यासाठी. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५मध्ये रद्द केले. ‘चूक’ हा शब्दही किती गरीब बिचारा!

निघताना काकांनी १११ची झेरॉक्स दिली. घड्यांवर फाटलेली, समासात त्यांच्या बारीक अक्षरात गावांची नावं. आपल्या गावाखाली त्यांनी लाल शाईने रेघ मारली होती. आत्याने चिंचेचा गोळा बांधून दिला, बाजारातलाच.

सोमवारी कामावर रुजू झाले. टेबलावर एका जुन्या परिपत्रकाचा सुधारित मसुदा पडला होता. त्यात एका कलमापुढे ‘वगळण्यात यावे’ एवढंच लिहिलेलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच फाईल घेऊन साहेबांकडे गेले आणि म्हटलं, “सर, हे कलम मुळात कशासाठी घातलं होतं, ते टिपणीत दिसत नाही.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग शोधा आणि लिहा.”

तीन दिवस जुने गठ्ठे उपसले, शिंका येऊन जीव गेला, पण कारण सापडलं. दीड पान टिपणी लिहून फाईल वर पाठवली. ती अजून खाली आलेली नाही.