दुकानदाराचें मौन

रहस्यकथेंतला दुकानदार सहज खुनी पकडतो आणि आम्ही निश्चिंतपणें दिवा मालवतों. खऱ्या दुकानदारास मात्र हें काम फार जड. कारण संशयित हाच त्याचा शेजारी आणि गिऱ्हाईकही.

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नांवाचें गांव आहे. तेथील औषधविक्रेते जॉन डेव्हिस यांचे जांवई मार्टिन हे वकील. ऑक्टोबर १९२१ मध्यें गांवांतलेच दुसरे वकील मेजर आर्मस्ट्राँग यांच्याकडून चहा घेऊन आल्यावर मार्टिन ओकाऱ्यांनीं हैराण झाले. आर्मस्ट्राँगनीं तण मारण्याकरितां सोमल नेल्याचें डेव्हिसना ठाऊक होतें; १८५१ च्या कायद्यापासून अशी विक्री वहींत नोंदवावी लागे. त्यांनीं शंका बोलून दाखविली. तपासणींत सोमल आढळला. पुढें आर्मस्ट्राँगच्या पत्नीचें पुरलेलें प्रेत उकरलें, त्यांतही सोमल निघाला. ३१ मे १९२२ रोजीं आर्मस्ट्राँगला फांशी झाली.

जांवयाच्या प्रतिस्पर्ध्यावर बोट ठेवणें म्हणजे आपल्याच हेतूवर संशय ओढवून घेणें. आमच्या आळींतला वाणीही घरोघरचें पुष्कळ जाणतो आणि गप्प राहतो. त्या मौनावर आमची अब्रू उभी आहे. पण प्रसंगीं तें मोडण्याचें धैर्यही त्याच्यापाशीं असावें, असें आम्हांस वाटतें.