मारुंजीची मोरी आणि खासदारांचा आठवडा

हिंजवडीत नोकरी असल्यामुळे आम्ही मारुंजीत फ्लॅट घेतला. 2025 च्या पावसाळ्यात सोसायटीसमोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं. ओढ्यावरची मोरी बांधकामाच्या राडारोड्यानं बुजली होती. शाळेची बस गेटपर्यंत येईना. शेजारच्या इमारतीतल्या एक ताई स्कूटरसकट खड्ड्यात पडल्या आणि त्यांचा हात मोडला. मी सोसायटीचा सचिव असल्यानं पाठपुरावा माझ्याकडे आला. इथं सतत नव्या सोसायट्या होत आहेत. त्यांना पहिल्यापासून चाचपडावं लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला प्रश्न होता, जायचं कुणाकडे? सोसायटीत बऱ्याच जणांना वाटायचं की जवळच्या वाकडचे लोकप्रतिनिधी तेच आपले. तसं नाही. वाकड चिंचवड विधानसभेत आणि मावळ लोकसभेत आहे. मारुंजी मुळशी तालुक्यात आहे, त्यामुळे विधानसभा भोर आणि लोकसभा बारामती. पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. तहसील पौडला. हिंजवडी, माण, मारुंजी आणि आसपासची गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत ही मागणी जुनीच आहे.

आम्ही अर्ज घेऊन निघालो. एका कार्यालयानं सांगितलं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. पावसात रजा काढून हे सगळं करताना राग यायचा. घरी आल्यावर तो घरच्यांवर निघायचा.

मग खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं अर्ज शांतपणे वाचला. त्यात पाणी, रस्ता, दिवे, कचरा, ट्रॅफिक असं सगळं एकत्र होतं. तो म्हणाला, "साहेब, एका अर्जात एकच विषय लिहा. आणि रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, ते आधी लेखी आणा. चुकीच्या खात्याला पत्र गेलं की ते तिथंच पडून राहतं."

त्याप्रमाणे माहिती अधिकारात अर्ज केला. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं आणि रस्ता कुणाचा ते कागदावर ठरलं. त्या एका कागदानं पुढचं काम सोपं झालं.

मोरीचा एकपानी अर्ज नव्यानं लिहिला. जागेची खूण, गट नंबर, पाणी साचलेल्या दिवसाचे फोटो आणि त्यांच्या तारखा जोडल्या. आमदारांकडेही तोच अर्ज दिला, कारण राज्याच्या खात्यांची कामं विधानसभेच्या वाटेनं लवकर हलतात. खासदार कार्यालयातून संबंधित खात्याला पत्र गेलं. त्याचा जावक क्रमांक मागून घेतला. तो दाखवून खात्याकडून आवक क्रमांक घेतला. पुढे "तुमचं पत्रच मिळालं नाही" असं कुणी म्हणू शकलं नाही.

या काळात खासदारांचा आठवडा कसा जातो ते जवळून कळलं. आमच्या खासदार सुप्रिया सुळे 2009 पासून बारामतीचं प्रतिनिधित्व करतात. अधिवेशन असलं की सोमवार ते शुक्रवार दिल्ली. लोकसभेत सकाळी 11 वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. तारांकित प्रश्न दिवसाला 20 लागतात, लेखी उत्तराचे 230 पर्यंत. प्रश्नाची सूचना साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते. शनिवार-रविवार मतदारसंघात, आणि तो बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर, खडकवासला असा सहा विधानसभांचा. त्यात मुळशीच्या वाट्याला किती वेळ येणार, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. म्हणून भेटीसाठी अडून बसू नका. कार्यालयात अर्ज द्या, तो नोंदवून घ्या.

सोसायटीच्या बैठकीत एकानं विचारलं, "इथं मोरी तुंबली आहे, आणि हे दिल्लीत काय करतात?" त्याचं उत्तर आमच्याच घरांत होतं. इथल्या अर्ध्याअधिक घरांत रात्री उशिरापर्यंत परदेशी क्लायंटचे कॉल चालतात. कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक सुळे यांनी 28 डिसेंबर 2018 रोजी मांडलं. 5 डिसेंबर 2025 रोजी ते पुन्हा मांडलं. दोन्ही दिवस शुक्रवार होते, कारण खासगी विधेयकांसाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. त्यामुळे कायदा लगेच होईल, अशी आशा मी धरत नाही. पण विषय संसदेच्या नोंदीत गेला, आणि तो आमच्या घरातला विषय आहे. माझ्या बायकोनं ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली.

खासदार निधीबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. वर्षाला 5 कोटी रुपये असतात, तेही सहाही विधानसभांसाठी मिळून. खासदार कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. पैसा सार्वजनिक उपयोगाच्या कामांसाठी असतो. सोसायटीच्या आवारातल्या रस्त्यासाठी तो मागू नका.

पत्रानंतर काही आठवड्यांनी खात्याचे अभियंता आणि आम्ही मिळून जागेची पाहणी केली. पाणी कुठून येतं ते आमच्यापेक्षा शिंदेवस्तीतल्या एका जुन्या शेतकरी काकांनी नीट दाखवलं. ओढा मूळचा किती रुंद होता, ते त्यांना माहीत होतं. हिवाळ्यात राडारोडा उपसला आणि मोठे पाईप टाकले. दिव्यांचं काम अजून झालेलं नाही. त्याचा वेगळा अर्ज दिला आहे.

शेवटी एक विनंती. मारुंजीत राहणाऱ्या कितीतरी लोकांचं नाव अजून लातूर, जळगाव, सांगलीच्या मतदार यादीत आहे. अर्ज घेऊन गेलं की "मतदान कुठं आहे?" हा प्रश्न कधी तोंडावर विचारतात, कधी मनात ठेवतात. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरावा लागतो आणि तो ऑनलाइन भरता येतो. जिथं राहता, तिथल्या यादीत नाव आणा.