हाळी

‘दारे धरायला गेले आहेत’ या वाक्याचा अर्थ शहरातल्या माणसाला चटकन लागत नाही. दारे कोणाची, आणि ती धरायची कशासाठी? माझ्या एका पुणेकर स्नेह्याची तर समजूत झाली होती, की आमच्या गावी रात्री चोर फार येत असावेत! पण ज्याने पाटाच्या पाण्याला खोऱ्याने वाट करून दिली आहे, एक वाफा भरताच त्याचे तोंड मातीने बुजवून पुढच्याचे फोडले आहे, त्याला त्या दोन शब्दांत अख्खी रात्र दिसते.

आमच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. मोटेवरचा गडी मधूनच हाळी देई, ‘दार फिरव रेऽऽऽ!’ आणि शेताच्या टोकाकडून उत्तर येई, ‘फिरवलंऽऽऽ!’ शब्द दोनच, पण स्वर लांबलचक ओढलेला. घाईघाईने बोललेले वाऱ्यावर विरून जाते. सावकाश ओढलेला स्वर मात्र शिवार ओलांडतो. हे त्या गड्याला कोणी शिकवले नव्हते.

आता मोट गेली. निफाड तालुक्यात माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे. विहीर कादवेच्या काठी आणि बाग तिथून अर्ध्या कोसावर, मुरमाड माळावर. बागेला ठिबक आहे, पण मोटारीचा दाब सगळ्या बागेला एकदम पुरत नाही. म्हणून बागेचे चार तुकडे केले आहेत आणि प्रत्येकाला एक व्हॉल्व्ह, आमच्या शिवारातला ‘वॉल’. विजेची पाळी पुष्कळदा रात्रीची. वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते. पण माळावर विजेची तारच नाही. तिथले वॉल फिरवायला माणूसच हवा. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या राहतो, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही.

दादाने सत्तरी ओलांडली आहे. तो निघाला की वहिनी ओट्यावर बसत. त्याच्या विजेरीचा ठिपका उसाआड गेला, की त्या त्याच्या फोनवर नुसती एक रिंग देत. तो उलट एक रिंग देई. बोलणे नाही. अशा किती रात्री त्यांनी काढल्या, ते विचारायचे धैर्य मला कधी झाले नाही.

नाशकात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पुतण्याने गेल्या वर्षी, ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास, चारही वॉलवर एकेक डबी बसवली. डबीत छोटी बॅटरी, वर वहीच्या पानाएवढा सौर पत्रा. एवढ्याशा विजेवर तीन इंची नळातले पाणी कसे अडणार, असे मी त्याला विचारले.

‘काका, पाण्याला आपण अडवायचंच नाही,’ तो म्हणाला. ‘पाणीच पाण्याला अडवतं.’

वॉलच्या पोटात एक रबरी पडदा असतो. त्याच्या माथ्यावर पाण्याचा दाब कोंडला, की तो खाली बसून वाट बंद करतो. माथ्यावरचे पाणी एका बारीक छिद्रातून सोडून दिले, की खालचे पाणीच त्याला उचलते. विजेने हलवायची ती फक्त त्या छिद्रावरची बोटाएवढी खिटी. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाइतका एक झटका दिला, की ती सरकते आणि लोहचुंबकाला चिकटून राहते. पुढे तासभर थेंबभरही वीज नको. उलटा झटका दिला, की परत जागेवर. एरवी डबी झोपलेली असते आणि मिनिटामिनिटाला कान टवकारून पुन्हा निजते.

संदेश जातो तो 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बिनतारी लहरींवरून. आपल्याकडे त्यांना परवाना लागत नाही. या तंत्राला ‘लोरा’ म्हणतात. त्याची खुबी ऐकून मी उडालोच! एकेक अक्षर मुद्दाम सावकाश, स्वर चढवत चढवत पाठवायचे. वेग गेला तरी चालेल, पण ते दूरवर पोचते. म्हणजे मोटेवरची हाळीच की!

दादाला हे कौतुक नव्हते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘वॉल उघडला म्हणून तुझी डबी सांगते. पण पाणी आलं का? तोंडानं हो म्हणणारे गडी मी पुष्कळ पाहिलेत.’

या प्रश्नाने पुतण्याचे पंधरा दिवस खाल्ले. त्याने प्रत्येक वॉलच्या पुढे दाब मोजणारी एक तोटी बसवली. आता दाब चढल्याशिवाय डबी ‘हो’ म्हणत नाही. आणखीही एक घोर होता. वॉल उघडा असताना बॅटरी मेली, तर तो उघडाच राहायचा. म्हणून बॅटरी उतरू लागली, की उरल्या विजेत डबी आधी वॉल मिटते. हुकूमही नुसता ‘उघड’ असा जात नाही. ‘चाळीस मिनिटे उघड’ असा जातो. पुढची हाळी वाऱ्यात हरवली, तरी दार आपल्या वेळेला मिटते. हुकुमाच्या पोटातच त्याचा शेवट, ही गोष्ट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. पुढचे दार उघडल्याशिवाय मागचे मिटायचे नाही, हा नियम मात्र दादाचा. नाहीतर कोंडलेले पाणी नळ फोडते.

तिसरा तुकडा खोलगटात आहे. तिथले उत्तर पहिल्याने येतच नव्हते. मग डबीची तार उंच बांबूवर चढवली. तरी कधी कधी त्याला दुसऱ्यांदा हाक मारावी लागते.

आता रात्री फोन वहिनींच्या उशाशी असतो. चार बारीक टिणटिणाटांपैकी तिसऱ्याला उशीर झाला, की त्यांना जाग येते. तो वाजला, की त्या कूस बदलतात. दादा उजाडता माळावर जातो, तिसऱ्या तुकड्यात ठिबकाखालची माती पायाच्या अंगठ्याने उकरून पाहतो आणि परत आल्यावर चुळा भरता भरता वहिनींना सांगतो, ‘तिसरा खरं बोलतोय.’